धुरपताबाईंचा सीझन

धुरपताबाईंना ऐन डिसेंबरात घाम फुटला, त्याला जबाबदार मी. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा सोडला तर समुद्र मी कुठेच पाहिलेला नाही. पण निळ्या रंगावर छडी टेकवून तीस वर्षं शिकवलं, की आपण तिथे पोहून आलोय असं माणसाला वाटायला लागतं. "बाई, समुद्राचा वारा हाडं फोडतो. रजई घेतल्याशिवाय निघू नका," मी ठासून सांगितलं. त्या सकाळी आमच्या गावात, कुडव्यात, पारा आठवर होता, बोलताना दोघांच्याही तोंडातून वाफा निघत होत्या, आणि डिसेंबर सगळीकडे सारखाच असणार याबद्दल आम्हाला तिळभरही शंका नव्हती.

धुरपताबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. नवरा जाऊन सात वर्षं झाली. एकुलता एक अश्विन विशाखापट्टणमला, समुद्रकाठच्या एका हॉटेलात वेटर. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्या गावजत्रेला, सगळ्यांची पोरं घरी येतात. हा तीन वर्षांत आला नव्हता. यंदा त्याचा फोन आला, "माय, इकडं सीझन सुरू झाला."

आमच्याकडे सीझन म्हणजे धानाचा. कापणी उरकते, मंडया भरतात, दूर गेलेली माणसं परततात आणि घरोघरी पंगती उठतात. सीझन सुरू झाला असं कुणी कळवलं, तर त्याचा अर्थ "या" असाच. बाईंनी तेच आमंत्रण धरलं. समुद्र-बिमुद्र त्यांना पाहायचा नव्हता. पोराशेजारी बसून एकदा जेवायचं होतं, बस्स.

स्टेशनावर उतरल्या तेव्हा लोक अर्ध्या बाह्यांत हिंडत होते आणि बाईंच्या डोक्यावर सुतळीनं बांधलेली सहा किलोची रजई होती.

"हे काय आणलं वं, माय?"

"रजई. गुरुजीनं सांगतलं."

"गुरुजी कधी आले होते इथं?"

"नकाशात येते त्यायले."

अश्विन हसला, पण घड्याळाकडे बघत. अंगावर हॉटेलचा गणवेश होताच. खोली चार पोरांची. माय येणार म्हणून तिघं मित्रांकडे झोपायला गेले होते. तिला तिथे पोचवून तो म्हणाला, "सीझन हाये ना, माय. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत सुट्टी नाही कोणालेच." तेव्हा कुठे बाईंना उमगलं, की इथला सीझन लोकांना घरी आणत नाही, घरातून पळवतो.

तीन दिवस त्यांनी घरून नेलेल्या तांदळाचा भात केला, लाखोरीची डाळ केली, दोन ताटं घेतली आणि एक झाकून ठेवलं. तो उशिरा यायचा, म्हणायचा, "मी तिकडंच खाल्लो," आणि आडवा व्हायचा. सकाळी जाग यायच्या आत गेलेला.

संध्याकाळी बाई वाळूवर जाऊन बसत. दुकानांवर कागदी चांदण्या, दिव्यांच्या माळा, आणि जिकडे तिकडे कुटुंबं. एक तेलुगू बाई आली, काहीतरी गोड बोलली आणि हातात मोबाइल देऊन सहकुटुंब उभी राहिली. तिला पाहून दुसरे आले, मग तिसरे. धुरपताबाईंनी त्या एका संध्याकाळी नऊ परक्या घरांचे फोटो काढले. एकही त्यांच्याजवळ राहिला नाही. तेवढ्या उकाड्यात माकडटोपी घालून एक म्हातारा तेवढा फिरत होता. त्याला पाहून आपल्या गावचं कुणी भेटल्यासारखं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी परतीची गाडी. अश्विननं मॅनेजरच्या हातापाया पडून मायला दुपारी हॉटेलात बसवलं, काचेजवळच्या टेबलावर. स्वतः वाढायला आला. भात, मासा, कसलीशी आंबट डाळ. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस ना रे."

"ड्युटीवर बसता येत नाही, माय."

"दोन घास त खा."

मॅनेजर बघत होता. अश्विन ताठ उभा राहिला, हातावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाला, "और कुछ, मॅडम?"

बाईंनी मान हलवली. ताटात शीतही ठेवलं नाही. त्यानं ताट उचललं, टेबल पुसलं.

बाई शाळेत परतल्यावर मी रजईबद्दल माफी मागायला स्वयंपाकखोलीत गेलो. बाई तांदूळ धूत होत्या. धुता धुता त्यांनी हे सगळं सांगितलं, बाजारातल्या भाजीबद्दल सांगावं तसं. नको तेवढ्या उत्साहानं मी म्हणालो, "पण बाई, शेवटी पोरानं टेबलावर बसवून स्वतःच्या हातानं वाढलंच की!"

बाईंनी वरही पाहिलं नाही.

"वाढलं त वेटरनं, गुरुजी, पोरगा मले भेटलाच नाही."