शरणम्माची मूठ

आपल्या चर्चचा इतिहास दोन पानांत लिहून द्या, असं नव्या पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी आधी चिडलोच. उदगीरपासून तीन कोसांवरचं आमचं तोगरखेडा, त्यातली आमची सतरा घरं, आणि चार दगडी भिंतींवर पत्रे टाकलेलं चर्च. त्याला कसला आलाय इतिहास? पण निवृत्त मास्तर हा गावात सगळ्यांना फुकटचा कारकून वाटतो. बसलो लिहायला. दुसऱ्याच ओळीला शरणम्मा आडवी आली, आणि ती बाजूला होईना.

निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांनी मातीचं चर्च बांधलं होतं. तेव्हापासूनची आमची एक रीत होती. जात्यावर बसायच्या आधी घरच्या बाईने मूठभर ज्वारी देवाच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकायची. दर शनिवारी ती मूठ घरोघरी जाऊन गोळा करायची आणि चर्चच्या आवारातल्या पेवात ओतायची. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. हे काम शरणम्माचं. ती विधवा होती, चर्च झाडायची, लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा ही आमची घंटा, रविवारी तिच्यावर ठोके द्यायची. तोंडाची फटकळ. कुणाच्या मडक्यात कमी दिसलं की भर गल्लीत विचारायची, "ही मूठ हाय का चिमूट?" माझ्या बायकोलाही तिने एकदा असं विचारलं होतं, आणि आमच्या घरात दोन दिवस अबोला होता.

अडुसष्टच्या पावसात मातीच्या चर्चची मागची भिंत बसली. आता दगडाचंच बांधायचं, असं पंचकमिटीने ठरवलं. मी कमिटीचा सेक्रेटरी. पेवातल्या ज्वारीवर बांधणाऱ्यांची जेवणं करायची आणि उरलेली देऊन लाकूड-पत्रे आणायचे, असा बेत होता. पेव भरायला चार वर्षं लागली, आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ येऊन ठेपला.

पाण्यासाठी चर्चच्या आवारात विहीर खोदली. तीस हात खाली गेलो, पाण्याचा थेंब नाही, नुसता काळा दगड. आम्ही सगळे तोंड पाडून बसलो. दस्तगीर मिस्त्री तेवढा काठावर उभा राहून हसला. "पानी नै मिला तो क्या हुआ मास्टर, पत्थर तो मिला!" त्याच दगडाच्या भिंती त्याने उचलायला घेतल्या. आज जे चर्च उभं आहे ते त्या कोरड्या विहिरीतून निघालेलं आहे.

दस्तगीरला दुपारी पेवातल्या ज्वारीच्या तीन भाकरी मिळायच्या. तो अर्धी खायचा, बाकीच्या फडक्यात बांधून घरी न्यायचा. शरणम्मा भाकरी थापायची, तिने हे रोज पाहिलं. भिंती कमरेइतक्या झाल्या तेव्हा एक दिवस दस्तगीर हातात थापी घेऊनच खाली बसला आणि त्याला उठता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पंच उदगीरला गेलो होतो. सरकारी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, गावाला लवकर मिळावी म्हणून अर्ज द्यायला. अर्ज माझ्याच अक्षरात होता, फार सुंदर लिहिला होता. इकडे शरणम्माने सकाळीच पेवाचं तोंड उघडलं. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून दुपारपर्यंत ते तसंच ठेवलं. मग पेटता कंदील दोरीने खाली सोडला, तो विझला नाही हे पाहून ती स्वतः आत उतरली. आणि रुळावर ठोके दिले. रविवार नसताना घंटा का, म्हणून सगळं गाव जमलं. तिने कुणाची जात विचारली नाही, गल्ली विचारली नाही. पदर पुढे केला त्याच्या पदरात ज्वारी घातली. आम्ही दिवस मावळताना परत आलो तेव्हा पेवाच्या तळाशी नुसता भुसा होता.

आमचा संताप काय सांगू! चार वर्षांची मूठ एका दुपारी गेली. आता चर्च कशावर बांधायचं? मी ओरडलो, "अक्का, आम्हाला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर देऊ दिलं असतं काय?" ती म्हणाली.

नसतं दिलं. हे तेव्हाही मला माहीत होतं.

कमिटी बसली. ठराव झाला: शरणम्माकडून घंटा काढून घ्यावी आणि तिच्या घरची मूठ यापुढे घेऊ नये. बाहेरच्याला यात काय शिक्षा आहे, कळायचं नाही. पण आमच्यात ज्या घरची मूठ घेत नाहीत ते घर मंडळीत धरत नाहीत. उपासनेला या, मागे बसा, पण तुम्ही आमचे नाही. तो ठराव मीच लिहिला. आणि आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो. त्या दुपारी माझी बायकोही पदर घेऊन रांगेत उभी होती. आधी त्या ज्वारीची भाकर मी पोटभर खाल्ली, आणि मग ठराव लिहायला बसलो. शरणम्माला ते ठाऊक होतं. तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

मूठ गोळा करायला आम्ही मंडळीतल्याच जगदेवीला नेमलं. शनिवारी ती गल्लीत आली की शरणम्मा मडकं घेऊन दारात उभी. जगदेवी खाली मान घालून पुढे जायची. मी शाळेला निघालो की शरणम्मा विचारायची, "मास्तर, माझी मूठ कवा घेता?"

"कमिटीपुढे ठेवतो, अक्का."

एकदाही ठेवलं नाही. पहिली दोन वर्षं राग होता. पुढे राग गेला आणि लाज उरली, आणि लाजेपायी माणूस रागापेक्षा जास्त दिवस गप्प बसतो. अठ्ठ्याहत्तरला चर्चवर पत्रे चढले. त्या दिवशीही ती मडकं घेऊन दारात होती. मी रस्ता बदलून गेलो.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गावात पेढे वाटले. नव्या जिल्ह्यात चर्चची जागा कागदावर चढवून घ्यावी म्हणून मी अर्ज केला, कारण जुन्या कागदांत ती नुसती पडीक होती. पुढच्या वर्षी तलाठी पंचनाम्याला आले. त्यांनी दुकानदार बसवंतअप्पांना विचारलं, "ही जागा कुणाची? काय म्हणतात हिला?"

"शरणम्माचं पेव," अप्पा म्हणाले. "सगळं गाव हेच म्हणतंय. बहात्तरला हितनंच खाल्लं की आमी."

दस्तगीरनेही तेच सांगितलं. तलाठ्यांनी लिहून घेतलं. पेव चर्चचं म्हणून जागाही चर्चची ठरली, पण कागदावर ती चढली शरणम्माच्या नावाने ओळखली जाणारी जागा म्हणून, आणि सेक्रेटरी म्हणून खाली सही माझी.

त्याच संध्याकाळी मी कमिटी बोलावली, ठराव रद्द करून घेतला आणि शनिवारची वाट न पाहता सकाळी स्वतः टोपली घेऊन तिच्या दारात गेलो. दहा वर्षांत तिचा उंबरा ओलांडला नव्हता. ती जात्यावर बसली होती.

"अक्का, मूठ घ्यायला आलोय. आणि रविवारी घंटा तुम्हीच वाजवा."

ती उठली. आतून एकेक मडकं आणून माझ्यापुढे ठेवू लागली. दहा मडकी, वर्षाला एक, तोंडाला फडकं बांधलेलं. दुष्काळातही तिने मूठ चुकवली नव्हती. मी एक फडकं सोडलं. आत किड्यांनी केलेलं पीठ होतं. दुसरं सोडलं, तेच. दहाव्यात तेवढे काही दाणे शाबूत होते.

"न्या," ती म्हणाली. "देवाचं हाय, माझ्या घरात नगं."

"अक्का, चुकलं आमचं. माझं चुकलं."

"कागदावर माझं नाव चढलं म्हनून आलाव का, मास्तर?"

"होय, अक्का," मी म्हणालो.

"परवा आला असताव तर पळत आले असते मी," ती म्हणाली, आणि पुन्हा जात्यावर जाऊन बसली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"निदान आजची मूठ तरी द्या," मी म्हणालो.

"आज काढली न्हाई."

तिने जातं फिरवायला सुरुवात केली. जात्याच्या शेजारी अकरावं मडकं होतं, धुऊन पालथं घातलेलं.