त्यानं कान धरले नाहीत

बोलता बोलता तो टोपी काढायचा, घडी करून मांडीखाली ठेवायचा आणि म्हणायचा, "हं. आता भांडू गा."

टोपी डोक्यावर असेपर्यंत त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारा, पोराबाळांची खुशाली विचारा, काही बिघडत नसे. टोपी मांडीखाली गेली की समोरच्याला घरचं काम आठवायचं. मी कुठं जाणार? नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत माझा पानठेला होता आणि सगळी भांडणं ठेल्यासमोरच्या बाकावरच व्हायची.

त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गल्लीतली निम्मी घरं म्हणतील, आमचाच काका, आणि उरलेली निम्मी म्हणतील, खोटं लिहिलंय. हातमागावर लुगडी विणायचा. भाऊ कुहीकडे धानाची शेती करायचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता त्या वर्षांत तांदूळ महाग होता, त्यामुळे गल्लीत रोज कुणीतरी म्हणायचं, "कास्तकार माजले गा." लगेच टोपी खाली. "गुडघाभर चिखलात एक दिवस रोवणं करून ये, मंग भाव सांग मले!"

एकदा मी त्याच्यासोबत कुहीला गेलो. ताटावर बसलो तर भाऊ म्हणाला, शहरातल्या कोष्ट्यांना धान फुकट पाहिजे. झालं! हा तिथंही टोपी काढून बसला. "माह्या गल्लीतला माणूस रोज कमावते अन् रोज खाते. त्यानं काय सूत चावावं का?" वहिनीनं हातातलं वरण तसंच धरून ठेवलं आणि आम्ही दोघे अर्धपोटी उठलो.

परतताना मी वैतागून विचारलं, "तू आहेस तरी कोणाच्या बाजूनं?"

"जो तिथं नसते त्याच्या," तो म्हणाला. "हजर असलेल्याले तोंड हाय की."

आता हा माणूस गल्लीला का जड झाला, ते कळायला पांजणी म्हणजे काय ते कळलं पाहिजे. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी उघड्यावर लांबच लांब ताणून बांधतात. त्याला तांदळाची खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून कुंच्यानं धागा न धागा मोकळा करत जातात. सगळं ऊन चढायच्या आत. खळ वाळली की धागे एकमेकांना चिकटले, ताणा गेला, महिन्याची कमाई गेली. हे काम एका घराचं नाही. म्हणून आमच्यात रीत होती, ज्याचा ताणा लागेल त्याच्याकडे सगळी गल्ली कुंचे घेऊन जायची. ना मजुरी, ना आमंत्रण.

हे सगळं चालायचं गल्लीमागच्या मैदानात. फाळणीनंतर तिथं सिंधी कुटुंबं येऊन राहिली. आधी ताडपत्र्या, मग तट्ट्याच्या झोपड्या. ताण्याला जागा उरेना. खळीत धूळ, धाग्यात शेळ्या, रोज कटकट. गल्लीचं दुखणं खरं होतं, मी नाही म्हणणार नाही.

तेवढ्यात पहिली मोठी निवडणूक आली. आमच्या गल्लीत मत माणसाचं नव्हतं, गल्लीचं होतं. गल्लीचा म्होरक्या म्हणजे आमचा पंच. तो देवळासमोर सगळ्यांना बसवणार, मधे सुताची लडी ठेवणार, आणि घरटी एकेकानं लडीवर हात ठेवून तो सांगेल त्या उमेदवाराला हो म्हणायचं. पंच वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो. कुणाकडे मयत झाली तर पहिला तोच पोचायचा. पण गल्ली एका मुठीत राहिली तरच टिकेल, असं त्याचं मत होतं, आणि मूठ अर्थात त्याची. एका उमेदवारानं मैदान मोकळं करून देतो असा शब्द दिला होता. लडी त्याच्यासाठी ठेवली होती.

सगळ्यांनी हात ठेवले. मीसुद्धा ठेवला. याची पाळी आली तर यानं डोक्यावरची टोपी काढली.

"ताणा गल्लीत लावू, वाकडातिकडा लावू," तो म्हणाला. "हे मानसं कुठी लावू? मी नाई ठेवत हात."

पंचानं त्याला बाजूला नेलं. मी जवळच होतो, सगळं ऐकलं. पंच हळू आवाजात म्हणाला, "अरे, पेटीत कोणाले टाकतं ते कोण पाहाले येते? टाक तुले वाटते त्याले. इथं फक्त हात ठेव बापा. गल्लीची शोभा ठेव."

किती सोपं होतं! तुम्ही-मी असतो तर ठेवला असता हात आणि घरी जाऊन जेवलो असतो. तो मोठ्यानं म्हणाला, "इथं एक अन् तिथं एक? मी काय चोर हावो का?"

त्याच बैठकीत बंदी ठरली. त्याच्या ताण्याला गल्लीतला हात लागणार नाही. बंदी उठवायची असेल तर त्यानं पंचासमोर कान धरायचे, बस्स.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, वर चिन्ह चिकटवलेलं. हा पडद्याआडून बाहेर आला आणि कुणाच्या पेटीत मत टाकलं ते रांगेला ओरडून सांगायला लागला. साहेब धावत आला, "अहो, मत गुप्त ठेवायचं असतं!" याचा आवाज आणखी चढला. मग त्याची बायको मत देऊन आली. त्यानं विचारलं, "तू कोणाले टाकलं वं?"

ती म्हणाली, "सायबानं आत्ताच काय सांगतलं? गुप्त असते."

तिनं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पंचाशी तो कधी हरला नाही, पण या एका गोष्टीवर बायकोपुढे कायमचा हरला. आम्ही त्याला त्यावरून फार चिडवायचो.

पंचाचा उमेदवार निवडून आला आणि मैदानाकडे फिरकलासुद्धा नाही. झोपड्या तिथंच राहिल्या. बंदीही राहिली.

बंदीनंतरच्या पहिल्या पांजणीला नवरा-बायको दोघंच. गल्लीतली दारं उघडी, दारात माणसं उभी, पण कुणाचा पाय हलेना. तो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता आणि मागे खळ वाळत होती. तेवढ्यात झोपड्यांमधून एक उंच सिंधी माणूस आला, मागे त्याची बायको आणि दोघी बहिणी. गल्ली त्याला साई म्हणायची, कारण बोलताना तोच शब्द त्याच्या तोंडात असायचा. "साईं, क्या करना है? बताओ." यानं कुंचा हातात दिला. साईनं तो ताण्यावर असा चालवला जसा भिंतीला चुना लावतोय! तटातट धागे तुटले. ह्याची बायको कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"तुमच्या तोंडापायी झालं हे!" ती नवऱ्यावर ओरडली. "धरा नं कान एक डाव. काय झिजते कानाचं?"

"कान माहे हायेत," तो म्हणाला आणि तुटलेले धागे जोडायला बसला.

ते लुगडं त्यानं विणलं. अंगभर गाठी. बाजारात कुणी घेईना म्हणून बायकोनं स्वतःच नेसलं आणि मुद्दाम पंचाच्या दारावरून पाण्याला जाऊ लागली. घरात त्याला शिव्या देत होती, पण रस्त्यावर तिची मान ताठ असायची. साई हळूहळू शिकला. दुसऱ्या वर्षी त्याचा कुंचा आमच्याइतका हलका फिरायला लागला. ताणा गल्लीत लागायचा, वाकडातिकडा.

बंदी ताण्याला होती, ठेल्याला नव्हती. पंच आणि तो माझ्याच बाकावर बसायचे, दोन टोकांना, आणि भांडायचे माझ्यामार्फत. "याले सांग, अक्कल गहाण ठेवली का म्हणा." "त्याले सांग, अक्कल आपल्याच घरी हाय म्हणा." मी पानाला चुना लावत दोघांकडे मान डोलवायचो. तिसरा कुणी मधे बोलला तर दोघं मिळून त्याला गप्प करायचे.

एकदा मी वर्तमानपत्रातून विलायतेची बातमी वाचून दाखवली. तिथं आपल्याकडची आणि कुठल्या कुठल्या बेटांवरची माणसं कामाला जाऊन राहिली होती आणि तिथले लोक ओरडत होते, आमच्या खोल्या गेल्या, आमचं काम गेलं. तिथले शेतकरी म्हणत होते, बाहेरचं धान्य येतं म्हणून आमचा भाव पडतो. शहरातल्यांना पाव स्वस्त पाहिजे होता. आणि म्हणे, बापानं ज्याला मत दिलं त्यालाच पोरगा देतो, वस्तीच्या वस्ती एका बाजूला.

टोपी मांडीखाली. "अरे बापा! हे तर आपलीच गल्ली झाली!"

"याले सांग," पंच म्हणाला, "गोरे बरोबर म्हणून राहिले. घर त्याहीचं हाय."

"त्याले सांग, हे गोरे दीडशे वर्षं आपल्या घरात बसले होते, तवा कोणाच्या लडीवर हात ठेवून आले होते?"

दोन दिवस माझ्या ठेल्यावर विलायतेचं राज्य चाललं. तिथल्या शेतकऱ्यानं गव्हाचा भाव काय घ्यावा यावर पंच इतका तापला की चुन्याची डबी सांडली. ज्यांच्यासाठी हे दोघे घसा फोडत होते त्यांना नागपूर नकाशात दाखवता आलं नसतं.

मग साठ साल उजाडलं. रायपूर-बिलासपूरकडून मजुरीला आलेली माणसं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झोपड्या घालायला लागली. साईचं तोवर विटांचं घर झालं होतं, कापडाचं छोटं दुकान होतं. तो ठेल्यावर येऊन म्हणाला, "साईं, हे लोक बहुत गंदगी करतात. अर्जी देऊन हटवले पायजे." आणि पंच पहिल्यांदाच साईच्या शेजारी सरकून बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या यानं टोपी काढली, पण या वेळी भांडू म्हणाला नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "तू?" तो साईला म्हणाला. "तू म्हणून राहिला हे? मी तुह्यापायी गल्लीशी वाकडं घेतलं गा! उद्यापासून माह्या ताण्याले हात नको लावू."

घरी बायकोनं डोकं आपटलं असेल. ताणा दुसऱ्याच दिवशी लागायचा होता, आणि साईच्या घरचे हात सोडून त्याला हात नव्हते. तो साठीला आला होता, दम लागायचा.

सकाळी दोघंच नवरा-बायको, पहिल्यासारखे. खळ लावून झाली तेवढ्यात साई आला, कुंचा घेऊन.

"हात नको लावू म्हणलं नं तुले!"

"तुझ्या बापाचा नौकर आहे का मी, तुझं ऐकाले?" साई ओरडला. "भांडायचं तर भांड. ताणा वाळून राहिला!"

आणि दोघे भांडले. ताण्याच्या दोन बाजूंना, कुंचे चालवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मजूर, झोपड्या, दुकान, फाळणी, सगळं निघालं. साईनं अर्जी मागे घेतली नाही आणि यानं त्याला माफ केलं नाही. धागा मात्र एकही तुटला नाही. मी ठेल्यावरून पाहत होतो आणि मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं आम्हाला एवढंच सांगत होता, आणि आम्हाला कळलं नाही!

त्याच हिवाळ्यात तो गेला. माग चालवता चालवताच छातीत कळ आली. बंदी उठली नव्हती. त्यानं कान धरले नव्हते.

तेरावा झाला आणि बायकोनं ठरवलं, माग बंद करायचा नाही. तिला विणता येत होतं आणि खायला दुसरं काही नव्हतं. तिनं एकटीनं ताणा बांधला. गल्ली पुन्हा दारात उभी. साई आला. मग पंच आपल्या घरातून निघाला, हातात कुंचा. गल्लीकडे न बघता गुरगुरला, "बंदी त्याच्यावर होती, त्याच्या बायकोवर नव्हती." आणि साईसमोर, ताण्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग एकेक करून आम्ही सगळे गेलो. मी ठेला उघडा टाकून गेलो.

कुंचे फिरत होते. वीस-पंचवीस माणसं, पण तोंडातून अक्षर नाही. अशी मुकी पांजणी मी जन्मात पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, धागे दिसेनात.

ती थांबली. कमरेवर हात ठेवले, आणि त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काहून गा, मुके झाले का सारे? भांडा की कोणी!"

मग पंचानं घसा साफ केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "याले, या साईले सांग, यंदा कुहीवाल्या कास्तकारानं तांदळाचा भाव जो घेतला, तो बरोबरच घेतला."