शेपटीकडून पाणी सोडणाऱ्या शेवंताबाई

शेवंताबाई कार्यालयात पाणी पीत नसत. दारातच गार पाण्याचा माठ होता, पण एप्रिलच्या उन्हातून तापून आल्या तरी त्या माठाकडे वळायच्या नाहीत. सकाळी टेकडीच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचा, लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून चढण चढायची, वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरी धार येते का ते बघायचं आणि आली तर तिथलंच पेलाभर पाणी प्यायचं, असा त्यांचा नेम होता. धार आली नाही तर तशाच तहानलेल्या घरी जायच्या. आणि धार बहुतेक दिवशी येत नसे.

मी कऱ्हाडकडची. भंडारा जिल्ह्यातल्या, वैनगंगेकाठच्या एका नगर परिषदेत पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा शहराच्या सगळ्या नळवाहिन्या संगणकात उतरवायचं काम माझ्याकडे आलं. कुठल्या पाइपात किती दाब, कुठल्या गल्लीत किती पाणी, हे सगळं पडद्यावर दिसेल आणि मग कुठे काय बदलायचं ते ठरवता येईल, अशी कल्पना. पहिल्याच दिवशी शेवंताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मॅडम, चप्पल बदला. बूट घाला. शहर पायानं पाहा लागते."

त्या पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेल्या. त्यांचा नवरा देवाजी इथलाच व्हॉल्व्हमन. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना नोकरी मिळाली. बाई म्हणून त्यांना चहापाण्याच्या कामावर ठेवायचं घाटत होतं. "चहा मले जमत नाई," त्यांनी सांगितलं, "धा वर्ष घरच्याच्या संगं फिरली, वाल जमतात." व्हॉल्व्हला त्या वाल म्हणत.

माहेर साकोली तालुक्यातलं एकोडी. वडील गावतलावाचे पाणकर, म्हणजे तलावातून धानाच्या शेतांना पाणी वाटून देणारे. ते काम कसं चालायचं ते मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारायची. शेवटच्या टोकाला पाणी कसं पोचवायचं, या ज्या प्रश्नावर आमच्या अभ्यासक्रमात अख्खं एक प्रकरण होतं, त्याचं उत्तर त्यांच्या बापानं चिखलात उभं राहून दिलेलं होतं. "पहिले शेपटीची बांधी, मंग तोंडाची," त्या सांगत. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. तलावाजवळची ती तोंडाची, पाटाच्या टोकाची ती शेपटीची. "तोंडाची बांधी भरासाठी पानकर कायले लागते? थे आपसूकच भरते. पानकर शेपटीसाठी असते."

दोन महिने आम्ही शहर पालथं घातलं. नकाशात होते ते कितीतरी व्हॉल्व्ह जागेवर नव्हते आणि जागेवर होते ते नकाशात नव्हते. मी दाबमापक नळाला जोडून आकडे टिपायची. शेवंताबाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता धारेखाली तळवा धरायच्या आणि "कालच्याहून बारीक" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांचा तळवा आणि माझा काटा यांत फारसा फरक पडत नसे. संगणकाबद्दल मात्र त्यांना भारी कुतूहल. टेकडीच्या वस्तीत माझ्या पडद्यावर छान दाब दिसत होता, तो बघून त्या हसल्या. "कागदावर पानी चढते मॅडम, टेकडीवर नाई चढत."

तिथेच तर माझी झोप उडाली होती. पाइप जुना धरला, आतून गंजून अरुंद झाला धरला, तरी हिशेब जुळेना. मग मी दर पन्नास पावलांवर दाब मोजत गेले. टाकीपासून शाळेपर्यंत सगळं ठीक होतं. शाळेपासून चौकापर्यंतच्या दोनशे पावलांत दाब एकदम कोसळत होता. काहीतरी अडलं होतं, आणि ते सिमेंट रस्त्याखाली होतं. मी उत्साहाने शेवंताबाईंना आलेख दाखवला. "इथे काय असेल, बाई?"

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "मले काय ठाऊक," म्हणाल्या आणि चावी उचलून निघून गेल्या.

एवढ्यात वरून प्रस्ताव आला होता. टेकडीसाठी नवी टाकी, नवी वाहिनी, मोठा पंप. ते पूर्ण व्हायला आणखी तीन उन्हाळे तरी जाणार होते. माझ्या मोजणीचा अहवाल जोडून तो आठवडाभरात पुढे जायचा होता. दोन दिवस शेवंताबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नवा पाइप नका टाकू, मॅडम. हाये तो चांगला हाये."

"मग अडतंय कुठे?"

"चौकात, रस्त्याखाली एक वाल हाये. अर्ध्याच्या वर बंद हाये."

"नकाशात नाही तो. कोणी बंद केला?"

"आमच्या घरच्यानं."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बाजारात पाइप फुटला, तेव्हा देवाजीने दुरुस्तीपुरता तो व्हॉल्व्ह आवळला होता. त्याच दुपारी त्याला ताप भरला. दवाखान्यात पाचव्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "चौकातला खोलाचा राहिला, कार्यालयात सांगजो." आणि गेला. शेवंताबाई नोकरीवर येईपर्यंत चौकात सिमेंटचा रस्ता झाला होता.

"नवी नवी नोकरी. सांगतलं त लोक म्हनतील, देवाजीनं टेकडीचं पानी तोडलं. मेल्या मानसाले शिव्या खावाले लावू का? मंग एक वर्ष झालं, दोन झाले. जेवढा उशीर झाला, तेवढं तोंड शिवत गेलं."

"म्हणून रोज वर जाता?"

"पाहाले जातो. आज तरी चढलं का म्हनून."

मला राग आला होता. सहा वर्षं एक वस्ती हातपंपावरून पाणी वाहत होती. पण समोर उभी असलेली बाई बघून तो राग कुठे ठेवावा ते कळेना. रस्ता फोडायचा तर मुख्याधिकारी साहेबांना लेखी कारण हवं होतं. मी म्हटलं, "संगणकाच्या अभ्यासातून आढळलं असं लिहिते. तुमचं नाव यायला नको."

"संगनक का देवाजीच्या खाटेजवळ बसला होता?" त्या म्हणाल्या. "माहं नाव लिवा."

रस्ता कापला, दोन हात खोदलं, तेव्हा गाळाने भरलेली व्हॉल्व्हची पेटी लागली. चावी बसली, पण व्हॉल्व्ह हलेना. दोन मजूर जोर लावायला पुढे झाले, त्यांना शेवंताबाईंनी मागे सारलं. "ओढू नका, दांडी मोडन." त्यांनी तेल सोडलं, वाट पाहिली. मग थोडा उघडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा थोडा उघडायचा, असं करत तासभर त्या त्याला मनवत होत्या. तो सुटला तशा मोठ्याने आटे, म्हणजे चावीचे फेरे, मोजू लागल्या. चौदाव्या आट्याला चावी थांबली. पायाखालच्या पाइपातून पाण्याचा घुमणारा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर टेकडीवर गेले. शेवटचं घर पार्बतामाय नावाच्या म्हातारीचं. तिच्या नळाला मनगटाएवढी धार होती आणि ती भांड्यामागून भांडं भरत होती. शेवंताबाईंनी तिला सगळं सांगितलं. म्हातारीने नळ न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुहा नवरा त मरून गेला. तू त जित्ती होती ना वं?"

त्या दिवशी म्हातारीने पेला पुढे केला नाही. आम्ही खाली उतरलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलली थे."

गोष्ट इथे गोड झाली असती, पण पाण्याचं तसं नसतं. टेकडीला पाणी चढलं तसं बाजारातल्या नळांची धार बारीक झाली. कार्यालयात गर्दी जमली. कोणीतरी सुचवलं, तो व्हॉल्व्ह पुन्हा थोडा आवळा, कोणाला कळणार आहे? शेवंताबाई चावी छातीशी धरून उभ्या राहिल्या. "मी आवळनार नाई. पानी तेवढंच हाये, पाळी बदला. पहिले शेपटी, मंग तोंड." म्हणजे सकाळी बाजार पूर्ण बंद ठेवून आधी फक्त टेकडी, आणि टेकडीची भांडी भरली की बाजार. मी ते संगणकात घालून पाहिलं. अकरा मांडण्या करून पाहिल्या, सर्वांत समान वाटप त्यांच्याच मांडणीत होत होतं. फक्त शाळेमागची गल्ली कोरडी राहत होती. पडद्यावरचा तो लाल ठिपका मी दाखवला, तर त्या खुर्ची ओढून बसल्या. "हे माह्या ध्यानात नाई आलं. तुमच्या डब्याले इचारा, थ्यांले बाजाराच्या पाळीत घेतलं त?" घेतलं आणि जमलं. महिनाभर कुरबुर झाली, मग शहराला नव्या वेळांची सवय लागली. टाकीचा प्रस्ताव साहेबांनी बाजूला ठेवला.

शेवंताबाईंना मात्र खुलाशाची नोटीस आली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, "माहीत होते, सांगितले नाही." ताकीद मिळाली. टेकडीवर काही बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचं वर जाणं थांबलं नाही. पार्बतामायने पाणी कधी दिलं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

त्या निवृत्त झाल्या त्याच्या आदल्या आठवड्यात स्वतःहून म्हणाल्या, "मॅडम, वही घ्या. सगळे वाल लिवून घ्या. माह्या डोक्यात राहिले त माह्यासंगं एकोडीले जातीन." चार दिवस आम्ही पुन्हा फिरलो. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, त्याचे आटे, कोणी कधी बंद केला, कोणी उघडला. चौकात आलो.

"लिवा. सारे बावीस आटे, त्यातले चौदा आवळलेले. बंद करनारा देवाजी. सहा वर्ष तसाच राहिला."

मी लिहून पान उलटायला गेले, तर त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"झालं नाई अजून. माहीत असून न सांगनारी, शेवंता."

"हे कशाला, बाई?"

"माह्या जागी जो येईल, थ्याले समजाले पाह्यजे, असंबी होते."

मी लिहिलं. त्यांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि चावी खांद्यावर घेतली. "चाला, शाळेमागचा घेऊ. थो उलटा फिरते, हे बराबर लिवा."