न दुखणारा दात

मंगळवारी सकाळी आक्का भाकरी खात होती. तिच्या तोंडातला दातांचा पूल निघाला आणि ताटात पडला. पुढच्या सोमवारी ती गेली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती विधवा झाली आणि मुकुंदवाडीला माझ्याकडे आली. मी लग्न केलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी. घरात बोलायचं काम तिचं.

पूल बसवून बारा-तेरा वर्षं झाली होती. खालची एक दाढ काढावी लागली, तेव्हा गुलमंडीजवळच्या डॉक्टरांनी शेजारच्या दोन दाढा घासून लहान केल्या, त्यांच्यावर टोप्या चढवल्या आणि मधे खोटी दाढ जोडून तिन्ही पक्क्या चिकटवल्या. मागच्या दाढेची नस त्याआधीच काढलेली होती. आरशात पाहून आक्का म्हणाली, "तिघींचं ओझं दोघींच्या डोक्यावर. माझ्या सासरी असंच होतं."

डॉक्टर वयस्कर होते. हसले, मग म्हणाले, "आपा, ये पीछे की दाढ में अब जान नै. अंदर से सड़ी तो भी दुखेगी नै. इसीच के वास्ते बोलरा हूँ, हर साल आके दिखाना."

रिक्षात बसल्यावर ती मला म्हणाली, "अरे, दुखत नाय म्हणून दवाखान्यात जायचं व्हय? लोकं येड्यात काढतील."

आमच्या घरात दुखणं हाच निरोप होता. दुखलं की डॉक्टर, थांबलं की गोळ्या बंद. आईवडील असेच जगले, आम्हीही. त्या हिवाळ्यात शेंद्र्याला मावसभावाच्या शेतात ती मुद्दाम त्याच बाजूनं हुरडा चावत बसली. भावानं विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या सरपंचापेक्षा लई मजबूत हाय. पाच वर्षांनी बदलावा लागत नाय."

पूल खरंच टिकला. तिचे बाकीचे दात पिवळे पडत गेले, तो पांढराच राहिला. कुणी विचारलं की ती गालात बोट घालून दाखवायची.

शेवटच्या दोनेक वर्षांत तिच्या तोंडाला वास यायला लागला. तिनं तो पोटाचा मानला. ओवा झाला, लवंग झाली, उठल्याबरोबर कोमट पाणी झालं. मधुमेह होताच, त्याच्याही माथी थोडं मारलं. बोलताना पदर तोंडाशी जायचा. भजनाला ती मागं बसू लागली, मग जायचीच थांबली. घरातही कमी बोलायची. मला ते वयाचं वाटलं.

त्या मंगळवारी मी पूल नळाखाली धरला. वरून त्याला एक चरा नव्हता. मागच्या टोपीत काळा, मऊ भुगा होता. जवळच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाहून सांगितलं, दाढ कुजून नुसती मुळं उरली आहेत, पू जबड्यात उतरला आहे.

"इतके दिवस काहीच दुखलं नाही, आजी?"

"नाय ना, बाई. दुखलं असतं तर आले नसते का?"

साखर फार वाढलेली निघाली. संध्याकाळी हनुवटीखाली सूज आली, सकाळपर्यंत ती गळ्यावर उतरली. मोठ्या दवाखान्यात मानेला छेद देऊन पू काढला आणि श्वासासाठी गळ्यात नळी बसवली. नळीमुळे तिला बोलता येईना. तिनं माझा हात ओढून तळव्यावर बोटानं काही लिहिलं. मला कळलं नाही. पुन्हा लिहिलं, तेही कळलं नाही. तिनं कपाळावर हात मारून घेतला, माझ्या अडाणीपणाला ती एरवी मारायची तसाच, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या रात्री तिची शुद्ध हरपली, ती पुन्हा आली नाही. विष रक्तात गेलं होतं.

ती काय सांगत होती, याचा मी बरेच दिवस विचार केला. आता करत नाही.

घरात मी एकटा आहे. मला 'अरे' म्हणणारं कुणी उरलेलं नाही.