स्कार्वया बेटाच्या चिठ्ठ्या

गुनवोर टाइगलांड पाण्याला भिते, हे नॉर्वेतल्या बर्गेनच्या आमच्या बोली-संग्रहालयात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा बाप मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. त्यामुळे आम्ही थट्टा करायचो तीही जपून. बाकी बाई कामाला वाघ. कुठल्या गावात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतात, ते हिंडून चिठ्ठ्यांवर लिहून आणायची. निवृत्त झाल्यावरही वॅफलचा डबा घेऊन रोज हजर.

या शरदात सिग्वे नावाच्या तरुण संशोधकाने त्या सगळ्या चिठ्ठ्या संगणकात घातल्या. कोणत्या गावाची बोली कोणाच्या किती जवळची, हे आता यंत्र मोजणार होतं. तेव्हापासून गुनवोरचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. कपातली कॉफी बशीत सांडायची.

"तुझं यंत्र खोटं पकडतं का रे?" तिने सिग्वेला दोनदा विचारलं.

खाई त्याला खवखवे, हे मला तेव्हा सुचलं नाही. म्हातारपण आलं, म्हणून मी सोडून दिलं.

शुक्रवारी नकाशा पडद्यावर आला. सिग्वे ओरडलाच, "अगं गुनवोर, गंमत बघ! स्कार्वया बेट भर समुद्रात, आणि बोलतं मात्र डोंगरातल्या खेड्यासारखं. तंतोतंत! ते खेडं तुझ्या आईचंच ना?"

गुनवोर पांढरीफटक पडली. खुर्ची चाचपत बसली.

"मी त्या बेटावर गेलेच नाही रे. तीनदा धक्क्यापर्यंत गेले. नावेत पाय टाकायचा म्हटलं की मागे फिरायचे. मग घरी बसून आईला विचारलं आणि तिचेच शब्द बेटाच्या नावाने चिठ्ठ्यांवर लिहिले."

मला भयंकर राग आला. "इतकी वर्षं आमच्यासोबत जेवलीस, आणि चकार शब्द नाही?"

सिग्वे बिचारा मऊ. "असू दे गं. मी जातो बेटावर, पुन्हा विचारून येतो. कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. घरं कधीच ओस पडली. शेवटची म्हातारी, रांगना, इथल्याच वृद्धाश्रमात होती. माझ्या घरापासून ट्रामचे दोन थांबे. एकोणीस वर्षं. रोज ठरवायचे, आज जाते, विचारते. पण विचारलं तर माझं बिंग फुटेल, म्हणून पाय उचलायचा नाही. मार्चमध्ये गेली ती."

सिग्वेने संगणकातून स्कार्वयाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. नकाशावर त्या जागी आता काहीच नाही.