थाई रेशीम आणि वहिनींचा माग

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या वहिनींमुळे. येवल्यात आमच्या घरी पैठणीचा हातमाग होता आणि शाळेतून आल्यावर कांड्यांवर रेशीम भरायचं काम माझ्याकडे असे. वहिनी लग्न होऊन आल्या आणि त्यांनी ते काम माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुस्तक उघडा." पुढे त्या स्वतः मागावर बसायला शिकल्या. त्यांच्या विणण्यावर मी बी.कॉम. झालो. त्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

ऐंशी सालाच्या आसपास मी बहरीनमध्ये होतो, मनामाच्या बाजारात एका कच्छी शेठच्या कापड दुकानात हिशेबनीस. राहायला जवळच्याच जिदहफ्स गावात, कोकणातल्या दोघा ड्रायव्हरांबरोबर. माणसं चांगली होती, पगार वेळेवर होई, घरी ड्राफ्ट जाई. मी सुखात होतो.

अशात दादाचं पत्र आलं. "माग विकावा म्हणतो. गिऱ्हाईक आलंय. मी मालेगावला यंत्रमागावर लागलो, तूही कमावतोस. तुझ्या वहिनीने आता कशाला कंबर मोडून घ्यायची? तू शिकलेला, तू सांगशील तसं करू." मला ते मनापासून पटलं. वहिनींना आराम मिळावा, याहून मला दुसरं काय हवं होतं? होकाराचं उत्तर मनात तयारच होतं.

त्याच आठवड्यात दुकानात थाई रेशमाचे तागे आले. शेठनी त्यावर हात फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "बाबू, ये क्या भेजा है? धागे में गाँठ ही गाँठ. सेकंड का माल है, वापस करो."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे धागा असा मध्येच फुगला तर व्यापारी साडी फेकून देई. रंग मात्र ओळखीचा वाटला. उभा धागा हिरवा, आडवा जांभळा. कापड हलवलं की एकातून दुसरा रंग निघे. येवल्यात आम्ही त्याला धूपछाव म्हणतो.

शेजारच्या शिवणाच्या दुकानात एक थाई बाई होती. तिचा नवरा गोदीत कामाला. ती अस्तर घ्यायला आली, तागे बघितले आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"सेकंड मफी," ती शेठना म्हणाली. मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही'. "मशीन मफी. हात."

मग तिने आपल्या मोडक्या हिंदीत आणि अरबीत सगळं सांगितलं. तिच्या गावात बायका गरम पाण्यात कोश सोडतात आणि हाताने धागा ओढतात. म्हणून तो कुठे जाड, कुठे बारीक. आतले किडे मीठ लावून खायचे, गरम गरम. शाकाहारी शेठनी कानाला हात लावला.

"इथे जाड आहे ना?" तिने बोट ठेवलं. "इथे ती शेजारणीशी गप्पा मारत होती."

"और यहाँ? यहाँ तो एकदम सीधा है."

"इथे सासू आली."

शेठ इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. तागे परत गेले नाहीत. दर्शनी फळीवर लागले.

मी सहज तिला म्हणालो, माझी वहिनीही विणते, पण आता माग विकणार, तिने खूप कष्ट केले.

"माझ्या आईनेपण," ती म्हणाली. "मी पैसे पाठवले. सांगितलं, आता बस. भावाने घराखालचा माग सुटा करून बांधून ठेवला. खलास. मग आई भावाशी भांडली, कोंबड्यांशी भांडली. रोज शेजारणीकडे जाऊन तिच्या मागावर बसायला लागली."

"मग?"

"भावाने माग परत जोडला. कोंबड्या वाचल्या." अस्तराची घडी घालता घालता तिने विचारलं, "तुझी वहिनी म्हणते का, मी थकले?"

मी दादाचं पत्र आठवून बघितलं. दादाने लिहिलं होतं, मला पटलं होतं. वहिनींचा त्यात एक शब्दही नव्हता. पदरावरचा मोर विणताना त्या जेवायलाही उठत नसत. "एवढी चोच होऊ द्या," म्हणत. त्या चोचीनंतर पंख असत.

दुपारी दुकान बंद होतं, तेव्हा गल्ल्यामागे बसून मी लिहिलं. आजवर पत्र दादाला जाई आणि शेवटी वहिनींना नमस्कार असे. हे पहिलं त्यांच्या नावाचं.

"सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार. दादाला वेगळं कळवलं आहे, की तुमचं उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवावं. माग तुमचा आहे आणि आम्ही दोघांनी तुम्हाला विचारलंच नाही. कंबर दुखत असेल, कंटाळा आला असेल, तर खुशाल विका. मला आनंदच होईल. ठेवायचा असेल तर रेशमाचं मी बघतो. वर्षात एकच साडी झाली तरी चालेल. सोबत इथल्या थाई रेशमाचा तुकडा पाठवतो. तुम्ही नाक मुरडाल, पण आधी उन्हात धरून बघा. उत्तर दादाकडून लिहवून घेऊ नका. अक्षर कसंही येऊ द्या, तुम्ही स्वतः लिहा."