ससाण्याने घडवलेला थवा

कबुतरबाजांच्या गच्चीवर किस्से सांडलेल्या दाण्यांसारखे जमत जातात, वेचता वेचता संध्याकाळ होते. इंग्रजी अमदानीतल्या आमच्या बुऱ्हाणपुरात नानांची गच्ची हा असाच अड्डा. किल्ल्याच्या तटावर ससाणे वस्तीला असत आणि ते जेवायचे नानांच्या थव्यातून.

*

वैतागून नानांनी बंदूकवाला शिकारी बोलावला. आमच्यातले शाळामास्तर आडवे आले. म्हणाले, "नाना, ससाणा कोणतं पाखरू नेतो ते बघा. संथ उडणारं, गिरकी चुकणारं. चपळ ते वाचतात, पिल्लं त्यांचीच होतात. तो तुमचा थवा घडवतोय."

"मास्तर, तुमचं पाखरू गेलं असतं तं समजलं असतं तुम्हाले!" नाना उखडले. पण शिकारी परत गेला.

*

नानांना निम्मंच पटलं. भीतीने कबूतर चपळ होतं, असं धरून ते एका सुस्त नरामागे रोज थाळी बडवत धावू लागले. गल्ली हैराण! नर मात्र थाळी वाजली की दाण्यासाठी हजर. त्याची पिल्लंही त्याच्यासारखीच मठ्ठ निघाली. मास्तरांनी समजावलं, एक पाखरू बदलत नाही, पिढ्यांमागून पिढ्या थवा बदलतो. ती पिल्लं पुढे ससाण्याने नेली.

*

पलीकडच्या गल्लीतल्या शेठजींनी गच्चीला तारेची जाळी लावली होती. कबुतरांना बदाम चारायचे. "आपलं एक पाखरू गेलं नाही," असं छाती फुगवून सांगायचे. खरंच होतं ते. चपळ, सुस्त, लंगडी, सगळी सुखाने नांदत होती आणि पिल्लं काढत होती.

*

अशी बरीच वर्षं गेली आणि दोघांची शर्यत ठरली. तापीपलीकडून थवे सोडायचे. ज्याचा थवा मागे राहील त्याने आपली छतरी, म्हणजे कबुतरं उतरायचा बांबूवरचा मांडव, कायमची मोडायची. नानांचा जन्म त्या छतरीखाली गेला होता.

थवे नदीवर आले आणि ससाणा उठला. शेठजींची कबुतरं दाही दिशांना उधळली. नानांचा थवा एकदम वळला, खाली झेपावला आणि थेट छतरीवर. अभिमानाने आमचा ऊर भरून आला!

शेठजींनी स्वतःच्या हाताने नानांना हार घातला आणि विचारलं, "नाना, उस्ताद कोण तुमचा?"

नानांनी गळ्यातला हार काढला, धापा टाकत ते किल्ल्यावर चढले आणि ससाणा बसायचा त्या दगडावर ठेवून आले.